दुपारचा चंद्र आणि ओकुयामांची सावली

माझ्या घराच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, एक सावली राहते. सावली माझ्या अंगणात आणि झाड शेजारच्या ओकुयामांच्या अंगणात, अशी वाटणी आमच्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. झाड देवदाराचं. इतकं उंच, की शेंड्यावर बसलेल्या कावळ्याला पलीकडच्या खोऱ्यातला उद्याचा दिवस दिसतो असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. पण गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात मी एखादी गोष्ट म्हटली, की अंग पुसून बाहेर पडेपर्यंत ती अख्खं गाव म्हणत असतं.

आमच्या यामागाताच्या डोंगरात बर्फ वितळतं, चेरी फुलते, गळून जाते, तरी त्या कोपऱ्यात हिवाळा पाय पोटाशी घेऊन निजलेला असतो. तिथे मी एक बाकडं टाकलं आहे. त्यावर बसलं की आधी बाकडं पेंगतं, मग शेवाळ पेंगतं, आणि मग केवळ शिष्टाचार म्हणून मी.

याच सावलीत 'दुपारचा चंद्र' उगवला.

माझी बायको हात्सुए तिथे उरुई लावते. उरुई ही आमच्याकडची रानभाजी. वसंतात जमिनीतून वर येणारी तिची कोवळी फूट उकडून, आंबट मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीत, घोळवून खातात. पाहुण्यांसमोर मिरवावी अशी काही ही भाजी नव्हे. पण हिचीच एक नटूनथटून बसणारी बहीण आहे, गिबोशी. तिची पानं पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची असतात, लोक तिला खास कुंडीत ठेवतात, नाव देतात आणि तिच्यासमोर बसून हळू आवाजात बोलतात. तर एका वसंतात हात्सुए सुरी घेऊन उरुई कापायला गेली आणि मी पाहिलं, की एका फुटीचं टोक पांढरं आहे.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो.

"का? आजारी आहे ती. रंग उडालाय."

"आजारी नाही, थोर आहे."

"थोर असू दे. उकडल्यावर कोण विचारतंय?"

मी ती फूट मुळासकट उचलून सर्वांत दाट सावलीत, कुंपणाच्या अगदी कडेला, देवदाराच्या पायाशी नेऊन लावली. कारण पानाच्या पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही. थोडा वेळ जरी ऊन लागलं, तरी कडा चहात बुडालेल्या कागदासारख्या होतात. तिथे मात्र ती अशी रमली, की दोन-तीन हिवाळे उलटल्यावर तिचं प्रत्येक पान म्हणजे कुणीतरी हिरव्या बशीत चांदणं वाढून ठेवावं तसं दिसू लागलं. भर दुपारी तिथे पतंग यायचे, पानांभोवती घिरट्या घालायचे आणि चूक लक्षात आली की ओशाळून परत जायचे. म्हणून नाव ठेवलं 'दुपारचा चंद्र'.

आता, माणसाच्या घरी काही चांगलं उगवलं की शेजाऱ्यांच्या तोंडी सल्ले उगवतात. आमच्या मोहल्ला-मंडळाचे अध्यक्ष शोजी म्हणाले, "इगाराशी-सान, गोगलगायी खातील हो! बशीत बिअर ठेवा. त्यात पडून मरतात." मी ठेवली. सकाळी पाहतो तर पलीकडच्या गल्ल्यांतल्यासुद्धा गोगलगायी बशीभोवती जमलेल्या, एकही मेलेली नाही, सगळ्या खुशीत. काही तर आपला शंख कुठे काढून ठेवला हेच विसरल्या होत्या. बिनशंखाची जात तेव्हापासून निघाली, असं माझं मत आहे.

उमेनो आजींचा सल्ला त्याहून थोडक्यात होता. या आजी म्हणजे आमच्या गावचा रानभाज्यांचा शेवटचा शब्द. जमिनीतून वर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे त्या मिसोच्या नजरेनं पाहतात. चंद्रासमोर उकिडव्या बसून त्यांनी पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "खाऊन टाक रे बाबा. जून होतंय."

पण खऱ्या जाणकारांची मान्यता वेगळी असते. किनाऱ्याकडच्या शहरात एक गिबोशी-मंडळ आहे. त्याचे प्रमुख सुगावारा गुरुजी पावसाळ्याच्या तोंडाला घरोघरी फिरून नवी झाडं पाहतात. गुरुजी बोलत नाहीत. झाड पसंत पडलं तर मान लववतात; नाही पडलं तर चहा मागतात. मान लववली की झाडाचं नाव मंडळाच्या दप्तरी कायमचं लागतं. यंदा ते माझ्याकडे येणार होते. आयुष्यात मी शंभर गोष्टींना नावं ठेवली, पण माझ्या ठेवलेल्या नावाला कुणी मान द्यावा असा योग पहिल्यांदाच येत होता. त्या एका मानेसाठी मी जगत होतो म्हणा ना.

आणि नेमकी माझीच मान नडली.

त्याचं असं आहे. देवदार वसंतात पिवळा पराग सोडतो आणि त्यानं अख्खं गाव शिंकतं. दर वर्षी त्या दिवसांत ओकुयामा तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "आमच्या झाडाचा तुम्हाला फार त्रास. यंदा कापूनच टाकतो." त्यावर मी म्हणायचं, "छे छे, भलतंच काय!" मग त्यांनी म्हणायचं, "नाही, कापतोच." मी पुन्हा, "छे छे." मग त्यांनी डबा ठेवून जायचं. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांना हेच म्हटलं होतं. या 'छे छे'वर ते झाड आमच्या खिडकीएवढं होतं ते ढगाला लागलं.

त्या दिवशी दुपारी मी बाकड्यावर बसलो होतो. चंद्राच्या नव्या फुटी जमिनीतून नुकती नाकं वर काढत होत्या. हवेत पराग असा तरंगत होता, की जणू उजेडालाच झोप लागलीय आणि तो श्वास सोडतोय. आधी बाकडं पेंगलं, मग शेवाळ. पुढचं मला हात्सुएनं स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं.

"अहो! ओकुयामा-सान डोळे पुसत गेले. काय बोललात त्यांना?"

"मी? मी झोपलो होतो."

"झोपला होतात? मग त्यांना तीन वेळा वाकून नमस्कार कुणी केला? मी खिडकीतून बघत होते. ते म्हणाले कापतो, तुमची मान अशी खाली गेली. ते म्हणाले खरंच कापतो, तुमची मान गुडघ्याला लागली!"

बाकड्यावर बिस्किटांचा डबा होता. नेहमीपेक्षा मोठा.

संध्याकाळी ओकुयामा कुंपणाशी आलेच. हा गृहस्थ मुळात लाजाळू. झाडाशी बोलतानासुद्धा टोपी काढतो. म्हणाले, "इगाराशी-सान, इतकी वर्षं तुम्ही छे छे म्हणत राहिलात. मनात किती सोसलं असेल! आज तुमचा गळा दाटून आला होता, शब्द फुटत नव्हता, नुसता घरघर आवाज. मला लाज वाटली स्वतःची. झाड कापणारा सांगून आलोय. भातलावणीच्या आधी मोकळं करतो तुम्हाला."

ती घरघर म्हणजे घोरणं होतं, हे मी सांगू शकलो असतो. पण माणूस जन्मात एकदा काळीज उघडून बोलला आणि समोरचा घोरत होता, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "नाही, म्हणजे, तसं..."

"काही बोलू नका," ते म्हणाले. "तुमची मान सगळं बोलली."

हात्सुएला काही फार दुःख झालेलं दिसलं नाही. "बरंच आहे," ती म्हणाली, "कपडे बाहेर वाळतील."

"आणि चंद्र?"

"चंद्राला छत्री लावा."

मी दुसऱ्या दिवशी मुळ्याचं लोणचं घेऊन ओकुयामांकडे गेलो, म्हटलं गोडीगुलाबीनं विषय काढू. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला सफरचंदांची पेटी दिली. पेटीची परतफेड म्हणून मी साकेची बाटली नेली. साकेची परतफेड म्हणून ते तांदळाचं पोतं घेऊन आले, स्वतःच्या पाठीवर. प्रत्येक भेटीत मान लववावी लागे, आणि प्रत्येक मानेबरोबर झाडाचं मरण पक्कं होत चाललं. शेवटी मी त्यांच्याकडे जाणं थांबवलं. नाहीतर ते स्वतःचं घरच उचलून द्यायला निघाले असते.

मग मी नगर-कार्यालयात गेलो. खिडकीतल्या तरुण बाईंनी अदबीनं विचारलं, "संरक्षित वृक्ष म्हणून नोंदवायचाय? झाड आपलं का?"

"झाड शेजाऱ्यांचं. सावली माझी."

त्यांनी मागे वळून वरिष्ठांशी कुजबुज केली. "क्षमा करा, सावलीचा विभाग आमच्याकडे नाही. वनखात्याच्या खिडकीवर विचारावं."

वनखात्याची खिडकी देवदार म्हणताच उजळली. "कापताय? उत्तम! परागाची झाडं कापायला आम्ही मदत देतो!"

"मला कापायचं नाहीये."

"मग मात्र," तिथले गृहस्थ हळहळून म्हणाले, "आम्ही काहीच मदत करू शकत नाही." आणि उभे राहून इतक्या सुंदर वाकले, की मलाही वाकावं लागलं, आणि वाकलेल्या अवस्थेतच मी रस्त्यावर आलो.

शोजी अध्यक्ष तर म्हणाले, "अहो, झाड जाणार हे सूचनेच्या फळीबरोबर फिरलंसुद्धा. घरोघर पोचलं, सगळ्यांनी वाचल्याचे शिक्के मारले. तुमच्या घरचाही शिक्का आहे." मी हात्सुएकडे पाहिलं. हात्सुएनं कपडे वाळत घालायच्या काठीकडे पाहिलं.

तेव्हा मला माझ्या हक्काच्या जागी जावं लागलं. कुंडात गळ्यापर्यंत उतरलो, डोक्यावर रुमाल ठेवला, डोळे मिटले आणि कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोललो, "कापतायत म्हणे. मग त्या शिंकांचं काय करणार, कोण जाणे."

वाफेतून शोजींचा आवाज आला. "कुठल्या शिंका?"

"साठवलेल्या."

पाणी ढवळत सगळे जवळ सरकले. मी खोटं बोलत नाही. खऱ्याला थोडी सावली देतो, इतकंच. मी म्हणालो, "शोजी-सान, लग्नात, मयतात, साहेबासमोर, तुम्हाला शिंक येते. तुम्ही काय करता?"

"दाबतो. रीतच आहे."

"मग ती जाते कुठे?"

कुणालाच माहीत नव्हतं. माणूस आयुष्यभर शिंका दाबतो आणि त्या कुठे जातात हे कधी विचारत नाही, याचं मलाही बोलता बोलता नवल वाटलं. मी म्हणालो, "त्या देवदाराच्या खोडात एक म्हातारा बसलाय. परागाच्या रंगाचा पिवळा किमोनो, मांडीवर मोठी झोळी. गावात कुणी शिंक दाबली की तो ती अलगद झेलतो, घडी घालतो आणि झोळीत ठेवतो. मी बाकड्यावर बसतो ना, तेव्हा त्याच्या झोळीची सळसळ ऐकू येते. खोडावर कुऱ्हाड पडली की झोळी फाटणार. मग सगळ्या एकदम."

"आमच्या आजोबांच्यासुद्धा?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"त्या जास्त जोरकस असतील. जुन्या लोकांची छाती मोठी होती."

मी घरी पोचण्याआधी म्हातारा गावभर पोचला होता. झाड कापणाऱ्यानं निरोप पाठवला, की त्याच्या भाचीचं लग्न जवळ आलंय, तेव्हा ही जोखीम त्याला परवडणार नाही. दुसऱ्या दिवशी देवदाराच्या पायाशी कुणीतरी नाक पुसायच्या कागदाचं पाकीट ठेवून गेलं. मग पाकिटांची रास लागली. कुणी खोडाला, देवाच्या झाडाला बांधतात तसा, गवताचा जाड दोर बांधला. बायका परागासाठी बांधलेली तोंडावरची फडकी सोडून फांदीला अडकवू लागल्या. आणि चेरी गळून गेल्यावर, दर वर्षी थांबतात तशाच, यंदाही गावाच्या शिंका थांबल्या. दर वर्षी या गोष्टीला लोक ऋतू म्हणतात. यंदा चमत्कार म्हणाले.

ओकुयामा बिचारे दोन्हीकडून अडकले. कुंपणाशी येऊन म्हणाले, "इगाराशी-सान, मी शब्द दिला होता तुम्हाला. आता हे म्हाताऱ्याचं निघालंय. काय करू? तुम्ही म्हणाल तर मी स्वतः करवत घेतो."

"छे छे!" मी म्हणालो. इतक्या जोरात, की शेंड्यावरचा कावळा उडाला.

पण गोष्ट एकदा कुंडाबाहेर पडली की ती आपली राहत नाही. शोजींनी ठरवलं, की शिंका-देवाची रीतसर पूजा व्हायला हवी. देवळाचे पुजारी येतील, मोहल्ला-मंडळ खर्च करेल, आणि देवाला पहिल्यांदा मीच पाहिलं म्हणून मान माझा. माणसांना उभं राहता यावं म्हणून कुंपण काढलं. मी चंद्राच्या भोवती दगडांचं गोल कडं केलं, म्हणजे कुणाचा पाय पडायला नको. त्याच्या फुटी आता वीतभर वर आल्या होत्या, अजून न उलगडलेल्या, गुंडाळलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढरा धागा. आता पाऊस सुरू व्हायचा आणि गुरुजी यायचे, एवढंच बाकी होतं. मी पूजेच्या सकाळी हजामत करायला गेलो आणि मनात म्हटलं, झाड वाचलं, सावली वाचली, चंद्र वाचला.

पूजा फार छान झाली. पुजाऱ्यांना मंत्र म्हणताना मध्येच एक प्रचंड शिंक आली. त्यांनी ती दाबली, आणि सगळ्या गावानं एकदम खोडाकडे पाहिलं. मग देवापुढचा नैवेद्य सर्वांनी वाटून घ्यायची वेळ आली. उमेनो आजींनी एक झाकलेलं भांडं माझ्यापुढे केलं. "तू आधी घे. तुला दिसला ना तो."

मी काड्यांनी एक घास उचलला. कोवळं, किंचित चिकट, कुरकुरीत, आणि आंबट मिसोत असं मुरलेलं, की जिभेवर वसंत विरघळला. मी खरंच डोळे मिटले. म्हणालो, "आजी! अशी उरुई मी जन्मात खाल्ली नाही. कुठल्या डोंगरातली?"

"डोंगर कशाला? हीच की." आजींनी काठीनं दाखवलं. "देवाच्या पायाशी, दगडांचं कडं करून ठेवलेली. म्हटलं शेवटी ऐकलंस माझं, नैवेद्यासाठीच राखलीस. पांढरट होती जराशी, पण उकडल्यावर काही कळत नाही."

दगडांच्या कड्याच्या आत सुरीनं सारखे कापलेले बुडखे होते. गोल, ओले, नीटनेटके.

घास तोंडातच होता. शोजी बघत होते, पुजारी बघत होते, सगळं गाव बघत होतं. देवाचा नैवेद्य थुंकता येत नाही. मी चावला. आणि सर्वांत मोठं दुःख हे, की प्रत्येक चावण्याबरोबर तो जास्तच चवदार लागत होता. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बघा, बघा," शोजी हलक्या आवाजात म्हणाले, "देव दिसतोय त्यांना."

हात्सुएला मात्र लगेच कळलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या ताटलीतला उरलेला घास स्वतःच्या ताटलीत घेतला आणि म्हणाली, "एकट्यानं नका खाऊ." त्या बाईनं त्या दिवशी मला जे दिलं, ते तांदळाच्या पोत्यापेक्षा मोठं होतं, आणि त्याची परतफेड मला अजून सुचलेली नाही.

मंडळी पांगल्यावर ओकुयामा मागे राहिले. टोपी काढून खोडावर हात ठेवला. "एक सांगू? मला कापायचं नव्हतंच. आजोबांनी लावलेलं झाड. दर वसंतात तुम्ही छे छे म्हणायचात आणि मग वर्षभर मला गाढ झोप लागायची. यंदा तुम्ही नुसते वाकलात, तेव्हापासून डोळा लागला नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं, बुडख्यांकडे पाहिलं. म्हणालो, "ओकुयामा-सान, बसा जरा बाकड्यावर." ते बसले. आधी बाकडं पेंगलं.

पावसाळ्याच्या तोंडाला, शेवाळ पुन्हा ओलं झालं तेव्हा, बुडख्यांतून एक पान आलं. एकच. हिरवं, साधं, कुठल्याही उरुईचं असावं तसं. फक्त एका कडेला, ओठाला भाताचं शीत चिकटून राहावं, तेवढा पांढरा ठिपका. मी गुरुजींना नका येऊ म्हणून कळवणार होतो, पण ते स्टेशनवर उतरलेसुद्धा होते.

सगळे जमले. शोजी आले, ओकुयामा टोपी हातात धरून आले, उमेनो आजी भांडं न घेता आल्या, हे त्यांचे उपकार. सुगावारा गुरुजी म्हणजे वाळलेल्या पानासारखे हलके, फार म्हातारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर मंडळाचा चिटणीस होता. गुरुजींना बाकड्यावर बसवलं. त्यांनी त्या एका पानाकडे पाहिलं. पाहत राहिले. देवदारावरून पाण्याचे थेंब एकेक करून खाली येत होते, जणू वरचा म्हातारा झोळी झटकतोय. हात्सुए चहाचा पेला घेऊन दारात उभी होती. गुरुजी आता चहा मागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि गुरुजींची मान हळूहळू खाली गेली. छातीला लागली. वर आली. पुन्हा खाली गेली, आणखी खाली.

"अहो," हात्सुए माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झोपलेत ते."

"गप्प बैस."

"अहो, घोरतायत!"

पण ओकुयामांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. ते चिटणिसाकडे वळून म्हणाले, "बघा, बघा, किती खाली वाकले! गळा दाटून आलाय त्यांचा. मी हे ओळखतो. आमच्या गावात एकदा असं वाकलं की ते परत घेता येत नाही."

चिटणिसानं घाईघाईनं दप्तर उघडून विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"दुपारचा चंद्र," ओकुयामाच म्हणाले.

मी गुरुजींच्या पायाशी, त्या एका पानासमोर, कपाळ शेवाळाला टेकेपर्यंत वाकलो. शेवाळ गार होतं, ओलं होतं, आणि सावली इतकी दाट होती, की पुन्हा वर यायला मला फार वेळ लागला.